भागीदाराचा मुलगा

बहात्तर साली विमल रामटेके आणि गुल्हाने यांनी सक्करदऱ्यात भागीदारीत स्टॅबिलायझरचा कारखाना काढला. सर्किट विमलचं, जागा गुल्हानेंची. माल खपू लागला, तसं एका सकाळी त्यांनी तिला दारातच अडवलं. "कंपनी माझ्या नावावर आहे. तू घरी जाय." तिने शिकवलेले कारागीर आत मान खाली घालून बसले होते. विमलने इंदोऱ्यात राहत्या खोलीत पुन्हा सुरुवात केली. पंच्याऐंशी साल उजाडेपर्यंत हिंगण्याला तिचा मोठा कारखाना उभा होता आणि नवा धंदा काढणारी पोरं तिच्याकडे सल्ला अन् भांडवल मागायला येत होती. एक दिवस गुल्हानेंचा मुलगाच आला. त्याला कॉम्प्युटरसाठी लागणारी यंत्रं बनवायची होती. "बाबा नव्या कामाले हात लावत नाहीत, मॅडम. पण त्यांचे कारागीर माझ्यासोबत यायले तयार आहेत." "बाबाले सांगितलं?" "सांगायचं कायले? सोमवारी कामावर कोणी दिसलं नाही की समजंल त्यायले." विमलने त्याच्याकडे नीट पाहिलं. चेहरा बापाचाच होता आणि बोलणंही तसंच थंड. तिने तिथंच चेक लिहून त्याच्या हातात ठेवला. सोमवारी गुल्हानेंचा फोन आला. "काहून वं विमल? माझ्याच पोराले माझ्यावर उलटवलं?" "मी काहीच शिकवलं नाही त्याले," विमल म्हणाली. "तो घरूनच शिकून आला होता." फोन ठेवून तिने डबा उघडला. कितीतरी वर्षांनी तिला कडकडून भूक लागली होती.