लिटरमागे सहा किलोमीटर

सकाळी साडेसातला मापसाहेबांनी गाडी सुरू केली आणि आवाज तिसऱ्या मजल्यावर पोचेल इतका ॲक्सिलरेटर दाबला. हॉर्न बायकोला मुळीच खपत नसे. "मी काय रस्त्यात आडवी आलेली म्हैस आहे?" असं तिने लग्नानंतर लगेचच विचारलं होतं. तेव्हापासून पस्तीस वर्षं हीच खूण. खाली इंजिन सुरू झालं की वर तिने चपला घालायच्या. तिचं 'आलेच' म्हणजे मोजून दहा मिनिटं.

मोजून म्हणजे खरोखरच मोजून. मापसाहेब वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. उभा जन्म दुकानदारांचे तराजू आणि पेट्रोलपंपांची मापं तपासण्यात गेला, नावही तिथेच पडलं. आणि आता त्यांचीच गाडी त्यांच्या नाकावर टिच्चून चोरी करत होती. लिटरला एकोणीस किलोमीटर देणारी ही छोटी गाडी चार महिन्यांत घसरत घसरत तेरावर आली होती.

"म्हातारी झाली ती, बाबा," मुलगा म्हणाला होता. "महिनाअखेर पंधराच्या वर गेली नाही तर विकून टाकू."

"आणि तुझ्या आईला नदीवर फिरायला काय पाठुंगळीला मारून नेऊ? गुडघे बघितलेस तिचे?"

मुलगा अर्धं जेवण टाकून उठला. हल्लीची मुलं बापाशी धड भांडतसुद्धा नाहीत, असं मापसाहेबांना वाटलं.

मग ते हात धुऊन गाडीच्या मागे लागले. पहिला नंबर टायरवाल्याचा. गाडीला मुलाने हौसेने रुंद टायर बसवले होते.

"हे रस्ता घट्ट धरून चालतात, साहेब, इंजिनाला ओढायला जास्त पेट्रोल लागतं," टायरवाला म्हणाला. "मूळचे अरुंद टाका, हवा बरोबर ठेवा. लिटरमागे अर्धा, फार तर एक किलोमीटर वाढेल."

"मला सहा हवेत."

"सहा टायरात नसतात, साहेब."

"बरं, टाक. पण हवा बेताची भर. हिच्या गुडघ्यांना धक्के सोसत नाहीत."

टायरवाला त्यांना वीस वर्षं ओळखत होता. त्याने मान वर केली, काही बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा नट आवळायला लागला.

टायर बदलून मायलेज साडेतेरा झालं. मापसाहेब पंपावर गेले आणि भारीतलं पेट्रोल मागितलं.

"काका, ते मोठ्या ताकदीच्या इंजिनांसाठी असतं," पंपावरची मुलगी म्हणाली. "तुमच्या गाडीला साधंच पुरे. हत्तीचा खुराक घातला म्हणून शेळी हत्ती होत नाही."

तरी त्यांनी दोन टाक्या भारीतलं भरून पाहिलं. शेळी शेळीच राहिली. शेवटी त्यांनी पंपाचंच पाच लिटरचं माप मागवून स्वतः तपासलं. थेंबाचाही फरक निघाला नाही. माप बरोबर निघाल्याचं वाईट वाटण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

रोज सकाळी ते गाडीत बसून हाच हिशोब करत. शेजारच्या सीटवर बायकोची उशी असे. मुलगा सातलाच कामावर गेलेला असे. तळमजल्यावरच्या वहिनी धुरामुळे खिडकी धाडकन लावून घेत. ती काही येत नसे. रुसली असेल, असं म्हणून मापसाहेब एकटेच नदीवर चक्कर मारून येत. आपल्याला गाडीही आवरत नाही आणि बायकोही मनवता येत नाही, या विचाराने त्यांना अगदी हतबल झाल्यासारखं वाटे.

महिना संपायला दोन दिवस उरले, तेव्हा ते एका नव्याच गॅरेजात गेले. तिथल्या मेकॅनिकने सगळं तपासलं आणि विचारलं, "उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवता का?"

"दहा मिनिटं. बायको खाली येईपर्यंत. पण ते धरूनच एकोणीस यायचं."

"मग बाईसाहेबांना म्हणावं, जरा लवकर आवरा," मेकॅनिक हसला.

त्याने टाकीची नळी सोडवून एका बाटलीत मोजून एक लिटर पेट्रोल घेतलं, नळी तिला जोडली आणि साहेबांना शेजारी बसवून गाडी हमरस्त्याला काढली. गाडी धापा टाकत थांबली तेव्हा काट्यावर एकोणीस किलोमीटर आणि वर चारशे मीटर झाले होते.

"गाडी ठणठणीत आहे, साहेब. हिला नावं ठेवू नका."

मापसाहेबांना त्याला मिठी मारावीशी वाटली. घरी येऊन त्यांनी मुलाला आकडा सांगितला. मुलगा नुसतं "बरं" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. साडेसातला मापसाहेबांनी नेहमीपेक्षा जरा जोरातच ॲक्सिलरेटर दाबला. गाडी आता विकायची नाही, हे तिला कधी एकदा सांगतो असं त्यांना झालं होतं. खालची खिडकी धाडकन लागली. ते जिन्याकडे बघत बसले.

पावणेनऊला जिन्यावरून मुलगा उतरला. त्याने पलीकडचं दार उघडलं, उशी उचलून मांडीवर घेतली आणि शेजारी बसला.

"खालच्या वहिनींनी सांगितलं मला. रोज असे तास-दीड तास बसता?"

"येईल रे आता. मीच काहीतरी लागेल असं बोललो असेन."

मुलाने हात लांब करून किल्ली फिरवली. इंजिन थांबलं.

"बाबा," तो म्हणाला, "आईला जाऊन चार महिने झाले."

मापसाहेब जिन्याकडे बघत राहिले. त्यांची बोटं स्टिअरिंगवर काहीतरी मोजत होती.

"चार महिने," ते हळूच म्हणाले. "तरीच."