एकसष्ट आणि त्रेसष्ट

गाणं सुरू झालं आणि काकांनी पुन्हा मान हलवली. नको, नको.

मेकॅनिकने काकूंकडे पाहिलं. काकू ओशाळल्या. तिकडे लक्ष देऊ नका, म्हणाल्या. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून आठ महिने ती मान अशीच हलते, तिला काही अर्थ नाही असं डॉक्टर सांगतात. वाचा गेली, उजवी बाजू गेली आणि समजही गेली, असं डॉक्टरांचं आणि मुलीचं मत पडलं होतं. काकूंचं अजून पडायचं होतं. म्हणून तर काकांनी तरुणपणी स्वतःच्या हातांनी जोडलेला हा ॲम्प्लिफायर बंद पडला, तेव्हा काकूंनी तो दुकानात पाठवला नाही. मेकॅनिकलाच घरी बोलावलं आणि काकांच्या खुर्चीशेजारी, त्यांच्या डोळ्यांदेखत उघडायला लावला. एवढं करूनही आत काही हललं नाही, तर आपणही मानायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

जळालेले दोन ट्रान्झिस्टर आता कुठे बनत नव्हते. मेकॅनिकने त्यांच्या जागी नव्या पिढीचे बसवले होते. ताकद जास्त, वेग तर कितीतरी जास्त, जुन्यांपेक्षा सगळ्याच बाबतीत वरचढ. मग बिघडणार काय? मीटरही ठणठणीत म्हणत होतं, आणि मीटरला कधी झटका येत नाही. तो स्क्रू आवळायला लागला.

तेवढ्यात काकांचा डावा हात उठला आणि खिडकीकडे गेला. तिथे काकूंचा छोटा रेडिओ होता. बातम्या हव्या असतील, म्हणून काकूंनी तो लावला. बोट काही खाली येईना. रेडिओ जवळ आणला, तेव्हा ते ॲम्प्लिफायरकडे वळलं. काही न समजता काकूंनी रेडिओ त्याच्या शेजारी टेकवला.

बातम्या देणारी बाई बुडाली. रेडिओतून नुसती कर्कश शिट्टी येऊ लागली. मेकॅनिकने ॲम्प्लिफायर बंद केला, तशी बाई परत येऊन हवामान सांगू लागली. चालू केला, पुन्हा शिट्टी.

मेकॅनिक मटकन स्टुलावर बसला. नवे ट्रान्झिस्टर या जुन्या सर्किटला झेपणार नाहीत इतके चपळ होते. ते आपले आपणच थरथरत होते, माणसाच्या कानाला कळू नये इतक्या वेगाने. त्याच्या मीटरला ते दिसत नव्हतं, जवळ ठेवलेल्या रेडिओने मात्र लगेच चुगली केली. तासाभरात हे दोघेही जळाले असते, आणि जाताना स्पीकर घेऊन गेले असते. काकांनी ते गाण्यातल्या कसल्या कोरडेपणावरून ओळखलं, कोण जाणे. वीस वर्षांच्या धंद्यात ही युक्ती त्याला कुणी शिकवली नव्हती.

सकाळपासून तो फक्त काकूंशी बोलत होता. आता त्याने स्टूल फिरवलं.

"काका, माझ्याकडे जुने पाच आहेत, भंगारातून काढलेले. मापं घेतो. कुठले बसवायचे ते तुम्ही सांगा."

एकेक ट्रान्झिस्टर टेस्टरमध्ये अडकवून तो ताकदीचा आकडा पुटपुटत गेला आणि काकांच्या खुर्चीपुढच्या फळीवर ओळीने मांडत गेला. एकसष्ट. चौऱ्याऐंशी. सत्तेचाळीस. त्रेसष्ट. शहाण्णव. त्याचा स्वतःचा हात चौऱ्याऐंशी आणि शहाण्णवकडे वळला होता. मोठा आकडा कुणाला नको असतो? पण काकांचा हात आधी पोचला. पहिला त्यांनी बोटाने पुढे सरकवला. मग मधले दोन ओलांडून चौथा.

जोडीचे आकडे जवळजवळ सारखे लागतात; बरोबरीने ओझं उचलू शकतील असे पाचांत तेवढे दोनच होते. आकडे कुठे लिहिलेले नव्हते. मेकॅनिकने ते एकदाच उच्चारले होते.

काकूंनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

बसवायला अर्धा तास लागला. काकांची नजर त्याच्या हातांवरून हलली नाही. एकदा त्यांनी खुर्चीच्या हातावर बोट आपटलं, तेव्हा मेकॅनिकने जीभ चावली. ट्रान्झिस्टरखालची, वीज अडवणारी अभ्रकाची चकती घालायला तो विसरला होता.

गाणं लागलं. रेडिओ शेजारी ठेवला, तरी बाई खणखणीत बोलत राहिली. काकूंनी तो बंद केला. काकांची मान स्थिर होती. त्यांनी डोळे मिटले होते आणि डाव्या हाताची बोटं मांडीवर ताल धरत होती. मेकॅनिक उगीचच उठून उभा राहिला.

काकूंना हुंदका आला, आनंदाचाच. मग एकाएकी त्या थिजल्या. आठ महिने या खोलीत, या खुर्चीसमोर, कुणी काही हातचं राखून बोललं नव्हतं. मुलीने इथेच बसून, काकांना ठेवून घ्याल का असं विचारायला, कुठल्या कुठल्या संस्थांना फोन लावले होते. आणि त्या स्वतः, काकांचे पाय चेपता चेपता, बहिणीला म्हणाल्या होत्या, एकदाचे सुटले असते तर बरं झालं असतं.

त्या काकांच्या गुडघ्यापाशी खाली बसल्या.

"अहो, म्हणजे सगळं ऐकलंत तुम्ही."

काकांनी डोळे उघडले. क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग डावा हात लांब करून त्यांनी गाण्याचा आवाज थोडा वाढवला.