कॉलिनसाठी साक्ष

"आई, टाय सरळ आहे ना?" कोर्टाच्या पायऱ्यांवर कॉलिनने विचारलं.

मर्टल प्रायरने गाठ जरा वर ढकलली. टाय रसेलचा होता, तिच्या थोरल्याचा. दोन वर्षांपूर्वी सक्तीच्या सैन्यभरतीसाठीच्या सरकारी सोडतीत त्याची जन्मतारीख निघाली, तो व्हिएतनामला गेला आणि परत आली ती शवपेटी. यंदा कॉलिनची तारीख निघाली. 'माणूस मारणं मला जमणार नाही,' असं त्याने सरळ सरकारला कळवून टाकलं. आज कोर्टाला ते पटलं तर तो घरी येणार होता. नाही पटलं तर वर्दी, नाहीतर तुरुंग.

"घाबरू नका मिसेस प्रायर," वकील टिंडल म्हणाले. "खरं तेवढंच सांगायचं. एक मुलगा गमावलेल्या आईचा शब्द कोण खाली पडू देईल?"

"खरंच सांगणार. यानं उभ्या जन्मात कुणाला चापट मारलेली नाही."

"बास. एवढंच बोला."

"ही सोय... नको म्हणायची... रसेलच्या वेळीही होती?"

"होती की! पहिल्यापासून आहे," टिंडल कागद चाळत म्हणाले.



"रसेललाही जायचं नव्हतं," कॉलिन हळूच म्हणाला.

"ठाऊक आहे मला."

तिला ठाऊक नसेल तर कुणाला असणार? जेवणाच्या टेबलाशी रसेल रडला होता आणि तिनेच त्याला फैलावर घेतलं होतं. कायदा म्हणजे कायदा, सगळ्यांची पोरं जातात, तू काय आभाळातून पडलास? गावातल्या काही बाया 'आमची पोरं युद्धावर नेऊ नका' अशा पाट्या घेऊन चौकात उभ्या राहिल्या, तेव्हा हिने त्यांची लाज काढून त्यांना परत पाठवलं होतं. त्यातल्या एकीचा मुलगा आता दुधाची गाडी चालवतो. तो दिसला की मर्टल रस्ता बदलते.

आत पाद्रीबाबांची साक्ष झाली. घरातला कोळीसुद्धा हा पोरगा पेल्यात धरून बाहेर सोडतो, असं ते म्हणाले. लोक हसले. मॅजिस्ट्रेटही हसले.

"म्हणजे नुसतं नको म्हटलं की सुटका?" त्यांनी विचारलं.

"मनापासून म्हटलं तर, साहेब," टिंडल म्हणाले. "कायदा कुणावर एवढी जबरदस्ती करत नाही."

मर्टल ऐकत होती. नुसतं नको म्हणायचं होतं. रसेल म्हणतच होता. आज कॉलिन सुटला, तर रसेलला मरणाकडे तिनेच ढकललं असं ठरणार होतं.

तिचं नाव पुकारलं गेलं. बायबलवर हात ठेवून तिने शपथ घेतली. कॉलिन समोर बसला होता. तिच्याकडे बघून तो हसला.  हा लेक तिला जिवापाड प्यारा होता.

"बाई," मॅजिस्ट्रेट मऊ आवाजात म्हणाले, "तुमच्या मुलाने कधी कुणावर हात उगारलाय?"

"उगारलाय साहेब," मर्टल म्हणाली. "माझ्यावरच. कितीदा तरी."