अडगळीच्या खोलीतली डबी

"दुसरी डबी इथे लावायची," काकांनी बोट दाखवलं, तेव्हा नेटवाल्याला वाटलं, आपल्याच ऐकण्यात काहीतरी चुकलं.

ती अडगळीची खोली होती. मोडका पंखा, दोरीनं बांधलेले रद्दीचे गठ्ठे, रिकाम्या बरण्या. बसायला जागा नाही आणि बसणारंही कुणी नाही. घरात काका एकटेच. समोरच्या भिंतीत एक भला मोठा खिळा ठोकलेला, पण त्यावर काहीच टांगलेलं नव्हतं.

"काका, राउटर बाहेरच्या खोलीत आहे. ही डबी मधल्या खोलीत लावली तर झोपायच्या खोलीपर्यंत झकास रेंज येईल. एकीनं दुसरीला सिग्नल द्यायचा, हेच तर मेशचं काम. इथे काय, पंख्याला पिक्चर दाखवायचाय?"

"बघू दे की त्याला. त्या भिंतीला चिकटून लावा."

आपण बरं नि आपलं काम बरं, हे नेटवाल्याला कळत नव्हतं असं नाही. पण चौकशीची खोड त्याला लहानपणापासूनची, आणि जित्याची खोड अशी थोडीच जाते? त्यातून काकांचं लक्षण काही ठीक दिसेना. फोन उघडायचे, बघायचे, खिशात टाकायचे, परत काढायचे. दुपार व्हायला आली होती आणि सकाळचा चहा अडगळीच्या खिडकीत बशीनं झाकून तसाच पडला होता.

"चहा राहिलाय तुमचा."

"घेईन. आधी हे होऊ दे."

नेटवाल्यानं डबी लावायला घेतली. "पासवर्ड काय ठेवू?"

"जुनाच. भुंगाभुंगा."

"हे काय नाव?"

"आमचा कुत्रा होता, लहानपणी. एका हाकेला कधी आला नाही. दोनदा बोलवावं लागायचं."

"असला पासवर्ड कुणीही ओळखेल, काका."

"कुणीही नाही," काका म्हणाले. "तो कुत्रा आठवणारं एकच माणूस उरलंय."

त्यांनी हनुवटीनं भिंत दाखवली. पलीकडे धाकटा भाऊ राहायचा, तोही एकटाच. एके काळी हे सगळं एकच घर. वाटणीच्या वेळी शब्दानं शब्द वाढला, मधे भिंत उभी राहिली आणि बोलणं बंद झालं ते झालंच.

"पण फुकट्या आहे बघा," काका म्हणाले. "पासवर्ड ओळखला आणि माझंच नेट वापरतो. स्वतःचं घ्यायला नको. रोज सकाळी माझ्या नेटच्या ॲपमध्ये त्याचा फोन दिसतो. दिसला की मी समजतो, उठला."

"आणि आता?"

"आता दिसत नाही. मधे त्याची खाट मागच्या खोलीत गेली, या भिंतीपलीकडे; ओढल्याचा आवाज आला मला. तिथवर माझं नेट पोचत नाही. निदान खोकला तरी ऐकू यायचा. काल संध्याकाळपासून तोही नाही."

"अहो, मग जाऊन दार वाजवा ना."

"मी?" काकांनी त्याच्याकडे पाहिलं. "आधी कुणी बोलायचं, यावरच तर घोडं अडलंय इतकी वर्षं."

नेटवाल्याची थट्टा तिथेच संपली. त्यानं डबी भिंतीला अगदी चिकटवली, वायर खोचली. लाल दिवा हिरवा झाला. दोघं खांद्याला खांदा लावून फोनवर वाकले. ॲपमध्ये काकांचा फोन दिसला, नेटवाल्याचा दिसला, बस. काका स्क्रीनवरून बोट ओढत राहिले. पुन्हा तेच दोन. नेटवाला बाहेर जाऊन चपला शोधायला लागला. शेजारचं दार आता त्यालाच वाजवावं लागणार होतं.

"आला," आतून काकांचा आवाज आला.

तो परत आला तेव्हा काका रद्दीच्या गठ्ठ्यावर बसले होते. ॲपमध्ये तिसरं नाव आलं होतं. "फुकट्या मेला," काका म्हणाले आणि त्यांनी बाहीनं डोळे पुसले. मग खिडकीतला तो गारढोण चहा त्यांनी बशीत ओतला आणि एका दमात संपवला.

नेटवाला बाहेर पडला तोच शेजारच्या दारातून हाक आली. "ओ नेटवाले, जरा आत या."

धाकटे काठी टेकून उभे होते, एक पाय प्लास्टरमध्ये. त्यांना धडधाकट नाही तरी उभं बघून नेटवाल्याला हायसं वाटलं आणि पाठोपाठ रागही आला. थोरला तिकडे जिवाला घोर लावून बसलाय आणि हे फुकटचं नेट चापताहेत. चांगली कानउघाडणी करावी म्हणून तो आत शिरला आणि जागच्या जागी थांबला. फळीवर चार अँटेनांचा राउटर होता, सगळे दिवे लागलेले.

"तुमच्याकडे नेट आहे?"

"आहे की. त्याच्या दुप्पट स्पीडचं. बरीच वर्षं झाली."

"मग त्यांचं कशाला वापरता?"

धाकटे लंगडत मागच्या खोलीत गेले. खाटेशी खोकल्याच्या औषधाची बाटली होती. खाटेच्या वर भिंतीतून एका खिळ्याचं टोक बाहेर आलं होतं. धाकट्यांनी त्याला बोट लावलं.

"एका सकाळी जोडायचं विसरलो, तर पठ्ठ्या हा खिळा ठोकत बसला. मी इकडून ओरडलो तेव्हा कुठे थांबला. आता पाय मोडून इथे पडलो आणि त्याचं नेट काही केल्या पकडेना." ते खाटेवर टेकले आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "वापरतोय कोण? मी नुसतं जोडतो. मी जोडलं की मग पलीकडे कपबशी वाजते. नाहीतर म्हातारा चहाच घेत नाही."