दारातला सीन

"मॅडम, तो दारातला सीन तुमचा की यांचा?" प्रश्न काढणाऱ्या मुलीने विचारले, आणि मेकअप रूमच्या दोन्ही खुर्च्यांतून एकदमच उत्तर आले, "माझा."

जुन्या मालिकांवरची प्रश्नमंजुषा थोड्याच वेळात सुरू व्हायची होती. पाहुण्या म्हणून दोन्ही थोरल्या सुनांना बोलावले होते. भूमिका एकच. अर्धी मालिका पहिलीने केली. तिचे दिवस भरत आले तशी उरलेली दुसरीने केली. एका गुरुवारी थोरलीचा चेहराच बदलला, आणि सासूसासऱ्यांपासून नवऱ्यापर्यंत घरातल्या कुणाच्याही ते लक्षात आले नाही. प्रेक्षकही समजूतदार. त्यांनीही कधी तसे दाखवले नाही.

"शेवटच्या फेरीचा प्रश्न आहे हो," मुलगी रडकुंडीला आली होती. "ज्यांचा सीन, त्यांनी स्टेजवर तो डायलॉग म्हणायचाय. टेप बघावी म्हटलं, तर त्या काळी टेपा पुसून त्यांच्यावर दुसरंच काहीतरी भरायचे."

पहिलीला दार लख्ख आठवत होते. हिरवे. भिंत नव्हतीच, नुसती चौकट, आणि पलीकडे सुतार तोंडात खिळे धरून बसलेला. घर सोडून निघालेली थोरली उंबऱ्यावर थबकते, बॅग खाली ठेवते आणि वळते. अजूनही भाजी घेताना एखादी बाई हात धरून म्हणे, काय वळलात हो तुम्ही तेव्हा! असा हात कुणी उगाच धरते का?

"दार तपकिरी होतं," शेजारच्या खुर्चीतून दुसरी म्हणाली.

"हिरवं."

"तपकिरी. आणि मागे सुतार बसला होता, तोंडात खिळे धरून."

पहिलीने आरशातून तिच्याकडे पाहिले. सुतार हिला कसा ठाऊक? की तो हिचाच होता, आणि कुणाकडून तरी ऐकून आपण तो आपला करून टाकला? इतक्या वर्षांत इतक्या जणींनी हात धरला होता, की खरे काय केले आणि नुसते कौतुक कशाचे घेतले, याचा तिला पत्ता लागेना.

"ताई, तुम्ही पाहिलीच असेल मालिका," तिने पावडर लावणाऱ्या मेकअपताईंना विचारले. "सांगा, दार कुठल्या रंगाचं होतं?"

ताई पावडर लावत राहिल्या. पहिलीने पुन्हा विचारले, जरा मोठ्याने. तेव्हा कुठे त्या खुर्चीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आल्या.

"इकडून बोला, मॅडम. डावा कान कामातून गेलाय माझा."

तिसऱ्यांदा विचारल्यावर त्या हसल्या. "आमच्याकडे रंगीत टीव्ही नव्हता हो. पण तो सीन बघितलाय मी."

दोन्ही खुर्च्या गर्रकन त्यांच्याकडे वळल्या. मुलीच्याही जिवात जीव आला. "मग सांगा ना, कोण होत्या? या की त्या?"

ताईंनी एकीकडे पाहिले, मग दुसरीकडे. बराच वेळ पाहिले.

"चेहरा नाही आठवत. माझं सगळं लक्ष बॅगेकडे होतं. माझीही बॅग शेजारीच होती ना." त्यांनी पावडरचा डबा खाली ठेवला. "नवरा मारायचा. आईकडे निघून आले होते, परत जायचं नाही म्हणून. संध्याकाळी दोघी मालिका बघत बसलो. थोरलीनं बॅग खाली ठेवली, तशी आई माझ्याकडे बघायला लागली. मग सकाळी मीही गेले परत."

"मग?" मुलीने विचारले.

"मग काय. कान गेला."

दुसरीने लिपस्टिकचे टोपण लावले.

"ते तपकिरी दार बहुतेक लग्नाच्या सीनमध्ये होतं," ती म्हणाली. "दारातला सीन यांचाच. मी आले त्याच्या आधीच झाला होता."

"छे हो! माझ्या वेळी कुठलं दार?" पहिली घाईघाईने म्हणाली. बोलली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. कारण तेवढ्यात तिला सगळे आठवले होते. बाळंतपणानंतर तिला भेटायला आलेला दिग्दर्शकच सांगत होता: नवी थोरली आल्यावर थोरलीला मागचे आठवते असे दाखवायला तो सीन तिच्यावर पुन्हा घेतला, दार तेच, फक्त रंग नवा. सीन दोघींचाही होता. आता हे सांगायला हवे होते. तिने नुसताच पदर सारखा केला.

"अहो, आत्ता तर दोघींचा होता!" मुलीने कपाळाला हात लावला. "आता कुणाचाच नाही? मी स्टेजवर कुणाला बोलावू?"

ताईंनी पुन्हा पावडर हातात घेतली होती. "तो डायलॉग मात्र अर्धाच राहिलाय डोक्यात," त्या आपल्याशीच बोलावे तशा म्हणाल्या. "घर सोडणारीला रस्ते पुष्कळ मिळतात... पुढे काय होतं हो?"

"दार एकही मिळत नाही."

दोघी एकदमच म्हणाल्या. थांबल्या एकाच जागी, आवाज खाली आणला तोही एकाच शब्दावर. मुलगी नुसती या खुर्चीकडून त्या खुर्चीकडे बघत राहिली.

ताईंनी उजवा कान पुढे केला होता. त्यांनी मान हलवली.

"हां. हेच होतं." पावडरचा पफ त्यांनी डब्यात बुडवून झटकला. "डोळे मिटा, मॅडम."

पहिलीने डोळे मिटले. शेजारच्या खुर्चीत दुसरीनेही मिटले.