चाकं नसलेलं यान

कूलरच्या रिकाम्या खोक्याचा तळ पौर्णिमानं सुरीनं कापून काढला, तेव्हा पाच वर्षांचा संकेत रडायलाच लागला. तळ नाही, तर अंतराळयानात बसायचं कुठे?

"आपण नाही बसायचं," त्याची बारा वर्षांची बहीण देवश्री म्हणाली. "आपण ओढायचं."

उद्या तान्हा पोळा. किरनापुरातली पोरं चाकांवरचे लाकडी नंदी सजवून शाळेच्या मैदानात रांगेत उभी राहणार. घरातला नंदी मात्र याही वर्षी देवश्रीच्या मोठेबाबांनी, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावानं, आपल्या पोराला देऊन टाकला होता. पोरी नंदी ओढत नाहीत, एवढंच त्यांचं म्हणणं. पोळा समितीचे अध्यक्षही तेच. त्या रांगेत एकदा उभं राहायचं, यासाठी देवश्री तीन वर्षं भांडत होती. यंदा तिनं भांडण सोडलं आणि आईकडे, पौर्णिमाकडे, खोकं मागितलं.

दुपारभर अंगणात चंदेरी कागद, डिंक आणि सुतळी यांचा पसारा. सुतळीला आधीच मारून ठेवलेल्या गाठींवरून खोक्याची लांबी-उंची ठरली. समोर वर अँटेनासाठी दोन भोकं पाडली, मागे धूर सोडायला एक. मध्येच गोठ्यातला गोऱ्हा भुऱ्या आला आणि अर्धा कोपरा चावून गेला. संकेत काठी घेऊन धावला. देवश्रीनं उलट भुऱ्याला गुळाचा खडा दिला, म्हणून संकेत तिच्याशी तासभर बोलला नाही.

संध्याकाळी मोठेबाबा आले. यानाभोवती एक चक्कर मारली, वाकून खाली पाहिलं.

"याले तं चाकंबी नाहीत. अन् पोळ्यात विमान काहून?"

"उद्या पाहा ना भाऊजी," पौर्णिमा म्हणाली आणि डिंक लावत राहिली. एरवी ती त्यांच्यासमोर मान वर करत नसे. आज केली.

दुसऱ्या दिवशी मैदानात सोळा नंदी रांगेत लागले. मोठेबाबांच्या हातात माइक होता. तेवढ्यात कंपाउंडच्या भिंतीवरून यानाचं चंदेरी टोक डुलत येताना दिसलं आणि सगळं मैदान हसायला लागलं. कोणी म्हणालं, चंद्रावर चालली पोरगी. मोठेबाबाही पोट धरून हसले. मग आवाज मोठा करून त्यांनी जाहीर केलं,

"ऐका सगळे. ज्याच्या दोरीले नंदी, त्याले रांगेत जागा. मंग पोरगा असो का पोरगी, आपल्या इथं भेद नाही."

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात पौर्णिमानं वाजवल्या.

फाटकातून देवश्री आत आली. मान ताठ, हातात दोरी. तिच्यामागून यान आलं चार खुरांवर, अँटेनाच्या भोकांतून लाल रंगवलेली दोन शिंगं काढून, आणि मोठेबाबांच्या अगदी पुढ्यात थांबून माइकपेक्षा मोठ्यानं हंबरलं.