सावलीतली सूर्यचूल

पोरांवर सावलीला ताणलेलं कापड मुकादमानं सोडायला घेतलं, तेव्हा साळूबाई खडी फोडत होती. हातोडा तसाच टाकून ती उठली. कापडाखाली झोळीत तिचा नातू होता, अजून मान न धरलेला. सून चांगुणा घमेली वाहायला लांब गेलेली.

"रंगनाथ, खाली पोरं हायती," ती म्हणाली.

मुकादम रंगनाथनं मान वर केली नाही. नगरहून साहेब येणार, त्यांना मांडव घालायचाय, काष्टीचा सगळा बाजार पालथा घातला तरी दुसरं कापड मिळालं नाही, घटकाभराचा तर प्रश्न आहे. उन्हानं पोरं काही वितळत नाहीत, असंही तो म्हणाला. साहेबाबद्दल मात्र त्याला तशी खात्री नसावी.

दुष्काळी कामाच्या त्या माळावर दुसरी सावली नव्हती. होती ती झाडं केव्हाच चुलीत गेली होती. म्हणूनच तर साहेब नवी चूल दाखवायला येत होते. लाकूड नको, रॉकेल नको, नुसत्या उन्हावर भात शिजवणारी. गोष्ट खोटी नव्हती. त्या साली त्या माळावर फुकट आणि पोटभर मिळणारी वस्तू एकच होती, ऊन.

साहेब आले, मांडवात बसले, आणि चूल त्यांच्यापुढं टेबलावर मांडली. म्हणजे मांडवातच. आरशासारखा लखलखीत, भला मोठा खोलगट तवा, मधोमध झाकणाचं पातेलं, त्यात तांदूळ आणि पाणी. उन्हाची चूल सावलीत ठेवलीय हे सगळ्यांना दिसत होतं. पण उद्घाटन साहेबांच्या हस्ते, पूजा साहेबांच्या पुढ्यात, आणि मानाची वस्तू उन्हात टाकायची आपल्यात रीत नाही. तेव्हा चुलीला हळदकुंकू लागलं, हार पडला, नारळ फुटला. समोर उन्हात बसवलेल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

साहेब सूर्यावर बोलले. आपला देश उन्हाच्या बाबतीत कुबेर आहे, ही दौलत रोज दारात येऊन पडते, आपणच करंटे, असं बरंच काही. बोलता बोलता त्यांनी शिपायाला वारा घालायची खूण केली.

मग गावचे पुढारी आबासाहेब उठले. त्यांनी पातेल्याला बोट लावलं आणि विंचू डसल्यासारखा हात झटकला. चटका बसला की हो, म्हणाले. साहेबांनीही बोट लावलं आणि खुशीत मान डोलावली. आता कामावरच्या एखाद्या बाईनं हात लावून सांगावं, असं ठरलं. रंगनाथनं साळूबाईला पुढं घातलं आणि तिच्या कानाशी पुटपुटला, गरम म्हण, म्हणजे लवकर उरकंल, लगीच कापड देतो.

पातेलं रांजणासारखं गार होतं. साळूबाईनं बाहेर झोळीकडं पाहिलं.

"लई गरम हाय," ती म्हणाली.

टाळ्या पडल्या. साहेब इतके खूश झाले, की आता भात चाखल्याशिवाय आपण हलणार नाही, असं त्यांनी जाहीर करून टाकलं. आबासाहेबांनी तोवर चहा सांगितला. तो मांडवामागं रॉकेलच्या स्टोव्हवर उकळतच होता. रंगनाथ आपल्या वहाणांकडं बघत राहिला.

साळूबाई झोळीपाशी आली. पोरगं रडायचं थांबलं होतं. ओठ पांढरे पडलेले, डोळे अर्धवट मिटलेले. चांगुणा धावत आली, तिच्या पदराखाली साळूबाईनं पोर दिलं आणि ती मांडवाकडं वळली. पुढच्या मेढीची दोरी सोडली. मग शेजारच्या मेढीची. कामाची बाई काहीतरी काम करतेय, असंच सगळ्यांना वाटलं. कापड साहेबांच्या चहावर पडलं, तेव्हा कळलं.

साहेब जीपकडं पळाले, त्यांच्या मागं आबासाहेब, त्यांच्या मागं शिव्या देत रंगनाथ. बायकांनी कापड ओढत नेलं आणि पोरांवर ताणलं. साळूबाईनं पदर भिजवून नातवाच्या तोंडात पिळला. परत भिजवला, परत पिळला. बऱ्याच वेळानं पोरगं रडलं.

तिकडं माळावर टेबल तेवढं उरलं होतं. ऊन ऐन डोक्यावर, तवा आ वासून पडलेला. बघता बघता पातेल्यातून वाफ निघाली, झाकण खडखडायला लागलं. शिपाई बन्सी आनंदानं जीपकडं पळाला. भात शिजतोय साहेब, खरंच शिजतोय.

साहेबांनी मान बाहेर काढली. "अरे गाढवा, उन्हात काय ठेवलीस ती? आरसा खराब होईल. सरकारी वस्तू आहे. सावलीत ने."

बन्सी पोरांच्या कापडापुढं येऊन उभा राहिला. "मावशी, पोरं जरा भाईर सरकवा. चूल ठिवायचीय."

साळूबाईनं वर पाहिलं नाही.

"हितली सावली कामावरच्या पोरान्ला हाय," ती म्हणाली. "तुझी चूल कामावर हाय का?"

बन्सी परत गेला. डोक्याचा पटका सोडून त्यानं तव्यावर पसरला, चारी बाजूंनी नीट खोचला, आणि उघड्या डोक्यानं शेजारी उभा राहिला. आतली खदखद हळूहळू बसत गेली.